हिप रिप्लेसमेंटची तारीख शेवटी ठरवा: रुग्णाची तयारी, टप्प्याटप्प्याने

हिप रिप्लेसमेंट (खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवणे) करायचे ठरले की घरात पहिली चौकशी होते ती कृत्रिम सांध्याची: सिरॅमिकचा घ्यावा की धातूचा, सिमेंट लावून बसवायचा की सिमेंटशिवाय. ही चौकशी गैर नाही. परंतु जखम वेळेवर भरेल का, जंतुसंसर्ग होईल का, सांधा निखळेल का आणि वर्षभराने रुग्ण समाधानी असेल का, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी रुग्णाच्या शरीरात आणि सवयींत असतात. आणि नेमकी तीच तयारी उलट्या क्रमाने होते. आधी तारीख ठरते, मग आठवडाभर आधी रक्त तपासले जाते, साखर किंवा हिमोग्लोबिन बिघडलेले निघते, आणि मग एकतर घाईने शस्त्रक्रिया उरकली जाते किंवा ती आयत्या वेळी पुढे ढकलावी लागते. पुढील टप्पे हा क्रम सुलटा करण्यासाठी लिहिले आहेत. शस्त्रक्रियेच्या सुमारे तीन महिने आधी सुरुवात करता आली तर उत्तम.

इशारा: हे मार्गदर्शन झिजलेल्या किंवा खराब झालेल्या खुब्याच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी आहे. पडून खुब्याचे हाड मोडले असेल तर वजन उतरण्याची किंवा साखर आदर्श होण्याची वाट पाहायची नसते. तिथे शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते.

## टप्पा १: दुखणे खुब्याचेच आहे याची खात्री करा

खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, मांडीच्या पुढच्या भागात उतरते आणि कधी कधी थेट गुडघ्यात बोलते. मोजा घालणे, पायाची नखे कापणे, गाडीत बसताना पाय आत घेणे या क्रिया अवघड होतात. याउलट कंबरेतून नितंबात आणि तिथून पोटरी-पावलापर्यंत जाणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा यांचे मूळ अनेकदा मणक्यात असते. दोन्ही दुखणी एकाच माणसात असणे हेही उतारवयात नवलाचे नाही. अशा वेळी खुबा बदलला आणि कळ तशीच राहिली, तर दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. खरे तर निदानच अर्धवट झालेले असते.

संशय असेल तेव्हा डॉक्टर सांध्यात बधिर करणारे औषध टोचून पाहतात. काही तास दुखणे स्पष्टपणे थांबले तर ते खुब्याचेच आहे असे मानायला चांगला आधार मिळतो.

इशारा: या इंजेक्शनात स्टिरॉइड असेल तर त्यानंतर साधारण तीन महिने त्या सांध्याची शस्त्रक्रिया टाळतात, कारण त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो. इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा आणि ती शल्यचिकित्सकाला विचारण्याची वाट न पाहता सांगा.

याच टप्प्यावर ‘ऑक्सफर्ड हिप स्कोअर’ भरून ठेवा. त्यात दुखणे आणि रोजच्या हालचाली यांविषयी १२ प्रश्न असतात. एकूण गुण ० ते ४८, आणि ४८ म्हणजे उत्तम स्थिती. आजचा आकडा हाताशी असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने तुलना करता येते. त्याच कागदावर आपल्याला पुन्हा करता यायला हव्या असलेल्या तीन गोष्टी नेमक्या शब्दांत लिहा. ‘बरे वाटावे’ असे न लिहिता ‘अर्धा तास न थांबता चालता यावे’, ‘रात्री कुशीवर झोपता यावे’ असे लिहा. डॉक्टरांना तो कागद दाखवून यांपैकी काय साधेल आणि काय नाही, ते स्पष्ट विचारा. एक्स-रेमध्ये झीज थोडी आणि वेदना फार, अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर असमाधान अधिक आढळते. त्यांनी ही चर्चा टाळूच नये.

## टप्पा २: बदलता न येणाऱ्या गोष्टी आधी मांडा

वय, जुने आजार, पूर्वीच्या शस्त्रक्रिया या गोष्टी बदलत नाहीत, पण त्या माहीत असल्या तर शस्त्रक्रियेची आखणी बदलता येते. म्हणून त्या लपवणे किंवा किरकोळ समजून गाळणे ही मोठी चूक ठरते.

वय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. मात्र हा सरसकट आकडा प्रत्येकाला सारखा लागू होत नाही. २०१७ मधील ब्रिटनच्या एका मोठ्या अभ्यासात सत्तरी ओलांडल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना उरलेल्या आयुष्यात फेरशस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के दिसली, तर पन्नाशीच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत होती. तरुण रुग्णाचा सांधा अधिक वर्षे आणि अधिक जोराने वापरला जातो, हे त्याचे सरळ कारण. वृद्ध रुग्णात सांधा टिकण्याची चिंता कमी असते. तिथे शस्त्रक्रियेनंतरचा गोंधळलेपणा, पडणे आणि दांड्याभोवतीचे (कृत्रिम सांध्याचा जो भाग मांडीच्या हाडात बसवतात त्याभोवतीचे) हाड मोडणे यांची काळजी अधिक घ्यावी लागते. केवळ वय झाले म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही.

हाडांची मजबुती. साठीनंतरच्या स्त्रियांत, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या कोणाहीमध्ये, हाडे ठिसूळ असू शकतात. अशा हाडात सिमेंटशिवाय ठोकून बसवलेल्या दांड्याभोवती हाड मोडण्याचा धोका वाढतो. हाडांची घनता आधी तपासली असेल तर सिमेंटचा पर्याय वेळेवर विचारात घेता येतो.

कंबरेच्या मणक्याची जुनी शस्त्रक्रिया. रुग्णांना ही माहिती खुब्याच्या डॉक्टरांना सांगण्याची गरजच वाटत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. आपण बसतो तेव्हा कंबर वाकते, ओटीपोटाचे हाड मागे कलते आणि त्यामुळे खुब्याची वाटी (मांडीच्या हाडाचा गोल चेंडू ज्यात फिरतो तो खळगा) पुढून उघडी होते. मांडीला वर यायला जागा मिळते. मणके स्क्रू आणि पट्ट्यांनी जोडलेले असतील तर हे कलणे होत नाही. मग खाली बसताना मांडीचे हाड वाटीच्या पुढच्या कडेला अडते आणि चेंडू मागून निखळू शकतो. आधी कळले तर शल्यचिकित्सक उभे राहून आणि बसून अशा दोन्ही स्थितींत बाजूने एक्स-रे काढतात, वाटीचा कोन त्यानुसार ठरवतात किंवा निखळण्याला अधिक विरोध करणारी दुहेरी हालचालीची वाटी निवडतात.

मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार. पार्किन्सन, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांत निखळण्याचा आणि पडण्याचा धोका अधिक असतो. पार्किन्सनच्या गोळ्यांच्या वेळा रुग्णालयातही चुकू नयेत, यासाठी वेळापत्रक लिहून द्या.

संधिवात. संधिवाताच्या औषधांबाबत दोन उलट चुका होतात: सगळी औषधे बंद करणे आणि सगळी चालू ठेवणे. मेथोट्रेक्सेट सामान्यतः चालू ठेवले जाते. जैविक औषधांची (प्रतिकारशक्तीचा ठरावीक घटक रोखणाऱ्या औषधांची) इंजेक्शने मात्र डोसच्या अंतरानुसार थांबवून, एक डोस टळल्यानंतर शस्त्रक्रिया धरली जाते. हा निर्णय संधिवाततज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

पडताळा: एका पानावर आजार, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, औषधांची ॲलर्जी आणि भुलीचा जुना त्रास एवढे लिहिले आहे का?

## टप्पा ३: रक्त तपासा, पण आताच

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या आठवडाभर आधी केल्या तर त्यांचा उपयोग फक्त धोका कळण्यापुरता उरतो. तो कमी करायला वेळच राहत नाही. हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) एवढे तरी तीन महिने आधी पाहून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. या शस्त्रक्रियेत रक्त जाते. आधीच कमी असेल तर बाहेरून रक्त देण्याची वेळ येते आणि रक्त द्यावे लागलेल्या रुग्णांत संसर्गासह इतर गुंतागुंती अधिक आढळतात. लोहाच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला अनेक आठवडे लागतात. वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येते. मात्र गोळी सुरू करण्याआधी लोह कमी का झाले हे शोधणे महत्त्वाचे. महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्या रुग्णाच्या जठरातून नकळत रक्त झिरपत असू शकते.

अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे ही कुपोषणाची एक खूण मानली जाते आणि अशा रुग्णांत जखम भरायला अडचण येते. वजन जास्त असलेला माणूस कुपोषित नसतो, हा समज चुकीचा आहे. भरपूर उष्मांक आणि अपुरी प्रथिने ही जोडी सर्रास दिसते.

## टप्पा ४: मधुमेह आटोक्यात आणा

रक्तातील साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता मंदावते आणि जखमेची वीण उशिरा बसते. कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागावर जंतू एकदा चिकटले की ते स्वतःभोवती संरक्षक थर तयार करतात आणि मग औषधांना दाद देत नाहीत. बऱ्याचदा सांधा काढावा लागतो. असा खोल संसर्ग पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात एक-दोघांनाच होतो, पण ज्याला होतो त्याची कित्येक महिन्यांची फरफट होते.

एचबीएवनसी ही मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. म्हणूनच आज आहार आणि औषधे सुधारली तरी तो आकडा लगेच खाली येत नाही. बरेच शल्यचिकित्सक ७.५ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा ठेवतात. ७.६ आला म्हणजे संकट आणि ७.४ म्हणजे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. धोका हळूहळू चढत जातो. आकडा ९-१० असेल तर मात्र शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला मनावर घ्यावा. रुग्णालयातील दिवसांत साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

नेहमीची चूक: शस्त्रक्रियेआधी चार दिवस जेवण तोडून उपाशीपोटीची साखर सुंदर दाखवणे. त्याने डॉक्टरांची दिशाभूल होते आणि शरीराची ताकदही जाते. उलट, आकडा झटपट उतरवण्यासाठी गोळ्या स्वतःहून वाढवल्या तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

इशारा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी आणि एर्टुग्लिफ्लोझिन किमान चार दिवस आधी बंद करावी लागते. उपाशी स्थितीत या औषधांमुळे रक्तात आम्ल साठू शकते, आणि त्या वेळी साखर जवळपास नेहमीसारखी दिसत असल्याने ते चटकन लक्षातही येत नाही. सेमाग्लुटाइडसारखी औषधे जठर उशिरा रिकामे करतात. ती घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. सगळे बदल मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

## टप्पा ५: तंबाखू आणि दारू

निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. कापलेल्या त्वचेच्या कडांना आणि दांड्याभोवती वाढणाऱ्या हाडाला नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा हवा असतो. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी थांबवावे; सहा ते आठ आठवडे मिळाले तर अधिक चांगले. शस्त्रक्रियेनंतरही त्यापासून दूर राहणे तेवढेच गरजेचे, कारण सिमेंटशिवायच्या सांध्यात हाड रुजायला काही महिने जातात.

‘मी ओढत नाही, फक्त चघळतो’ हे उत्तर पुरेसे नाही. चघळलेल्या तंबाखूतूनही निकोटिन रक्तात जातेच, शिवाय हिरड्यांची दुखणी वाढतात आणि ती पुढे सातव्या टप्प्यावर आडवी येतात. एकट्याच्या निग्रहावर सोडवत नसेल तर निकोटिनचे पॅच किंवा गोळ्या यांविषयी डॉक्टरांशी बोला. धूर चालू ठेवण्यापेक्षा ते निश्चित बरे. आणि ‘कमी केले आहे’ याला ‘सोडले आहे’ समजू नका.

दारूच्या बाबतीत खरा आकडा सांगणे हीच निम्मी तयारी. रोज बऱ्यापैकी पिणाऱ्याची दारू रुग्णालयात एकाएकी तुटते आणि पुढील दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, क्वचित झटके येऊ शकतात. अशा अवस्थेत रुग्ण पलंगावरून उतरायला पाहतो आणि नवा सांधा निखळतो. दारूमुळेच खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून सांधा खराब झाला असेल, तर दुसऱ्या बाजूचा खुबाही त्याच वाटेवर असू शकतो. तोही तपासून घ्या.

इशारा: रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका दिवसात दारू बंद करू नये. ती वैद्यकीय देखरेखीखाली, शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सोडवावी.

## टप्पा ६: वजन आणि स्नायू

बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. बऱ्याच ठिकाणी ४० ही सीमारेषा धरली जाते, १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे १०२ किलोच्या पुढे गेले की ती ओलांडली जाते. त्यापुढे संसर्ग, जखमेतून स्राव आणि लवकर फेरशस्त्रक्रिया यांचे प्रमाण वाढते. मात्र जास्त वजनाच्या रुग्णांनाही वेदनेपासून मोठा आराम मिळतो, हेही तितकेच खरे. म्हणून केवळ आकड्यावर बोट ठेवून ‘वजन उतरवा, मग या’ असे सांगून रुग्णाला वाऱ्यावर सोडणे मला पटत नाही. ज्याला दहा पावले टाकता येत नाहीत, त्याने चालून वजन कसे उतरवायचे? आहारतज्ज्ञाची मदत, औषधे किंवा जठराची शस्त्रक्रिया यांचा निश्चित कालावधीचा आराखडा मागा. तो पार पडूनही वजन अडून राहिले, तर वाढीव धोका समजून घेऊन शस्त्रक्रिया करायची की नाही, यावर पुन्हा मोकळी चर्चा करा.

नेहमीची चूक: शेवटच्या महिन्यात उपासमार करून वजन उतरवणे. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि अल्ब्युमिन घसरते. शेवटचे तीन-चार आठवडे वजन स्थिर ठेवून पुरेशी प्रथिने घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. फार कमी वजन असणेही सुरक्षित नाही, ही गोष्ट बारीक अंगाच्या वृद्धांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावी.

दुखऱ्या खुब्याचे स्नायू, विशेषतः पाय बाजूला उचलणारे नितंबाचे स्नायू, कित्येक महिन्यांपासून वापरात नसतात. सांधा नवा मिळाला तरी ते स्नायू जुनेच असतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, उभे राहून आधार धरून पाय बाजूला नेणे असे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि रोज करा. चालणे असह्य असेल तर पाण्यातील व्यायाम किंवा बिनओझ्याची स्थिर सायकल वापरता येते. वॉकर आणि काठीचा सरावही आधीच करा. भुलीच्या गुंगीत आणि वेदनेत नवीन चाल शिकणे कठीण जाते.

पडताळा: ३० सेकंदांत हातांच्या आधाराविना किती वेळा उठता येते ते मोजा आणि दर आठवड्याला लिहा. आकडा वाढत नसेल तर व्यायामाची पद्धत तपासून घ्या.

## टप्पा ७: जंतूंच्या वाटा बंद करा

दुखणारा दात, सुजलेल्या हिरड्या, किडलेली मुळे यांचे उपचार शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी उरकून घ्यावेत, कारण दातांतून रक्तात उतरलेले जंतू नव्या सांध्यावर बसू शकतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने दातांची तातडीची नसलेली कामे सहसा पुढे ढकलतात.

त्वचेकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पायाच्या बोटांमधील बुरशी, टाचांच्या खोल भेगा, पोटरीवरील न भरणारी जखम, जांघेतील पुरळ, एखादे गळू ही सगळी जंतूंची ठिकाणे आहेत आणि ती भरायला वेळ लागतो. ज्याचा खुबा आखडला आहे त्याला स्वतःची पावले दिसतही नाहीत. म्हणून घरातील दुसऱ्या कोणीतरी ती नीट पाहावीत.

लघवीला जळजळ, ताप, वारंवार जावे लागणे अशी लक्षणे असतील तर उपचार घ्या. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांनी तो आधी सांगावा, कारण भुलीनंतर लघवी अडू शकते आणि नळी घालावी लागते. काही रुग्णालयांत नाकातील स्टॅफिलोकोकस जंतूंची तपासणी करून पाच दिवस म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ सांगतात. सांगितले असेल तर एकही दिवस चुकवू नका.

इशारा: शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यात जंतू वाढतात. गरज असेल तर रुग्णालयात यंत्राने केस कापले जातात. तसेच आदल्या दिवशी ताप, गळू किंवा नवी जखम दिसली तर ती लपवू नका. तारीख हुकल्याचे वाईट वाटते, परंतु संसर्ग झालेला सांधा काढून घेण्यापुढे ते काहीच नाही.

## टप्पा ८: औषधांची यादी आणि वेदनाशामके

रक्त पातळ करणारी औषधे, रक्तदाबाच्या गोळ्या, संप्रेरके, पूरक गोळ्या, वनौषधी, झोपेची औषधे यांची मात्रेसह यादी करा. कोणते कधी थांबवायचे हे लेखी घ्या. वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, परंतु हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्याने हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.

ट्रॅमाडॉल किंवा त्याहून तीव्र अफूवर्गीय वेदनाशामके रोज घेत असाल तर ती डॉक्टरांच्या मदतीने आधी कमी करा. शरीराला त्यांची सवय झाली की शस्त्रक्रियेनंतरची वेदना सहज आटोक्यात येत नाही, आणि अशा रुग्णांचे पुढील निकालही कमी समाधानकारक असतात. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. त्यासाठी यंत्र वापरत असाल तर ते रुग्णालयात बरोबर न्या.

## टप्पा ९: मन, माणसे आणि घर

नैराश्य किंवा सततची चिंता असलेल्या रुग्णांना त्याच शस्त्रक्रियेनंतर वेदना अधिक काळ जाणवते. त्यात त्यांचा दोष नाही, आणि या कारणाने शस्त्रक्रिया नाकारणेही योग्य नाही. परंतु मनाचे उपचार आधी सुरू झाले तर पुढची वाट पुष्कळ सुकर होते. ही गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरीही सांगा.

पहिले एक-दोन आठवडे सोबत कोण राहील, हे नावानिशी ठरवा. घरात पायात अडकणारे पायपुसणे आणि सैल वायरी हटवा, रात्री स्वच्छतागृहापर्यंत उजेड राहील असे पाहा, कमोडची बैठक उंच करा आणि भिंतीला पकडायला दांडी बसवा. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील.

आता तारीख ठरवा.

## टप्पा १०: शस्त्रक्रियेनंतर

बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. काठी नेहमी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. गुठळी टाळण्याची औषधे अनेकदा सुमारे ३५ दिवसांपर्यंत द्यावी लागतात. चालायला लागलो म्हणून ती मध्येच सोडू नका.

निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. कोणती हालचाल टाळायची हे छेद कोणत्या बाजूने घेतला यावर अवलंबून असते. मागून घेतला असेल तर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे टाळतात; पुढून घेतला असेल तर पाय मागे नेऊन बाहेर वळवणे टाळतात. शेजारच्या रुग्णाला मिळालेल्या सूचना स्वतःला लावू नका, आपल्या शल्यचिकित्सकाकडून लिहून घ्या. मांडी घालून बसणे किंवा उकिडवे बसणे कधी आणि करायचे की नाही, हेही त्यांनाच विचारा.

इशारा: पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, पाय एकाएकी आखूड व वळलेला दिसणे, जखमेतून आठवड्यानंतरही स्राव येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखम पाझरते म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू करू नका. त्याने जंतू मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात, आणि योग्य औषध निवडण्याची संधी हुकते.

पुढे चालणे, पोहणे, सायकल चालवणे या क्रिया सांध्याला मानवतात. उड्या, धक्क्याचे खेळ आणि जोराचे धावणे यांविषयी आधी बोलून घ्यावे. तंबाखू, साखर आणि वजन यांवर मिळवलेला ताबा शस्त्रक्रियेनंतर सुटू देऊ नका, कारण रक्तातून येणारा संसर्ग काही वर्षांनीही नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तोच १२ प्रश्नांचा कागद पुन्हा भरा. आणि काहीही दुखत नसले तरी ठरलेल्या वेळी एक्स-रे काढायला जा. सांध्याभोवतीचे हाड झिजत असले तरी सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखू लागेपर्यंत फेरशस्त्रक्रियेत सांधा बसवायला पुरेसे हाड कधी कधी उरलेले नसते.